अंधारातला ट्रे

१

माझं काम बाटल्या धुण्याचं. नेमणुकीच्या कागदावर 'प्रयोगशाळा सहायक' असं भारदस्त लिहिलेलं आहे, पण संगमनेरच्या आमच्या कॉलेजात भूगोल विभागात सतरा वर्षं मी जे केलं त्याला बाटल्या धुणं हेच खरं नाव. बाटल्या धुवायच्या, सांगतील ते मोजायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. मोजणं मला आवडतं. आकडा लाच खात नाही आणि तोंड बघून बदलत नाही, असं मी परवापरवापर्यंत सगळ्यांना सांगत होतो.

यंदा दिवाळीनंतर आमचे राधाकृष्ण सर हिमालयातून परत आले. एका हिमनदीवर पंधरा दिवस राहून आले होते. चेहरा रापून काळा झालेला, ओठ फुटलेले, आणि थर्माकोलच्या खोक्यात बारा छोट्या बाटल्या. बाटल्यांत काळी धूळ, अगदी मऊ. सरांनी मोबाईलवर फोटो दाखवला. पांढऱ्याशुभ्र बर्फावर उंदरांनी बिळं करावीत तशी शेकडो भोकं, प्रत्येकाच्या तळाशी चिमूटभर काळं आणि त्यावर नितळ पाणी.

"एप्रिलात डांबरी रस्त्यावर अनवाणी चाललायस का गोरक्ष?" सर म्हणाले. "आणि तेव्हाच चुन्याच्या भिंतीला हात लावून बघ. काळं ऊन पितं, पांढरं ऊन परत पाठवतं. बर्फ पांढरा आहे म्हणून टिकून आहे. त्यावर ही काजळी बसली की ती तापते, खालचा बर्फ वितळतो, ती आत उतरते. भोकं आपोआप पडतात."

"पण एवढ्या वर ही जाते कुठून?"

"चुलींतून, ट्रकांतून, वीटभट्ट्यांतून, लोक शेतं पेटवतात तिथून. वारा कुणाला पत्ता विचारत नाही. आपल्या उसाच्या पाचटाचा धूरही असेल त्यात थोडा. कोण सांगणार?"

काजळी मला नवी नाही. आमचं गाव प्रवरेच्या पलीकडे, आणि आमच्या गच्चीवरून साखर कारखान्याची चिमणी दिसते. हंगामात रोज सकाळी गच्चीवर काळा थर असतो. माझी आई साळूबाई तो झाडताना चिमणीकडे बघून जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही. धुणं दोरीवरून काढेपर्यंत पांढरं बनियन काळवंडलेलं असतं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

पण हिमालयाचं नाव ऐकलं आणि आईचे डोळे चमकले. माझी मुलगी तेव्हा अडीच महिन्यांची होती. नाव संस्कृती, पण एवढं लांब नाव कोण घेणार? घरात तिला ठमी म्हणतात.

"शंकराच्या डोंगरावरची राख हाय व्हय ती?" आई म्हणाली. "मग पोरीच्या काजळात घालाया आण की चिमूटभर."

"आई, राख न्हाई ती. घाण हाय. सगळ्या मुलखाची घाण."

"तुला घाण दिसती. तुला देवातबी घाण दिसती."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी बाटल्या कपाटात लावताना एका बाटलीच्या तोंडाशी थोडी धूळ लागून राहिली होती. ती पुसून टाकण्याऐवजी मी कागदात घेतली, पुडी बांधली आणि घरी आणली. एवढ्याशा धुळीनं काय होतंय, असं मला वाटलं. आईनं ती बोटांवर चोळली, नाकाजवळ नेली आणि जरा थांबली.

"ही तर आपल्या पाचटाची हाय," ती म्हणाली. मग काजळाच्या डबीत कालवून टाकली, आणि मी विसरून गेलो.

२

सरांचा प्रयोग सोपा होता. एका दुकानदाराकडून आईस्क्रीमचे दोन जुने डीप फ्रीज आणले. दोन चौकोनी ट्रेमध्ये दहा सेंटिमीटर जाडीचा बर्फ लावला. दोन्हीच्या मधोमध त्या धुळीची एकेक चिमूट ठेवली. पहिल्या फ्रीजला काचेचं झाकण होतं, त्यावर मोठा दिवा सोडला. दुसऱ्याला पत्र्याचं झाकण होतं. त्यात ना दिवा, ना फट. दिव्याखालच्या ट्रेमध्ये भोक पडेल, अंधारातला ट्रे जसाच्या तसा राहील, आणि दोन्हींतला फरक हे दिव्याचं काम. अंधारातला ट्रे फक्त तुलनेसाठी होता.

मी रोज सव्वादहाला यायचो, झाकणं उघडायचो, पोलादी पट्टी घालून खोली मोजायचो आणि लिहायचो. पहिल्या दिवशी दोन्हीकडे शून्य. दुसऱ्या दिवशी दिव्याखाली शून्य आणि अंधारात तीन मिलिमीटर.

आपणच ट्रेची अदलाबदल केली असणार, हे माझ्या मनात पहिल्यांदा आलं. नाव माझं, हात माझे, चूकही माझीच. मी ट्रेंवर रंगानं खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी दिव्याखाली शून्य आणि अंधारात नऊ.

"फ्रीज बिघडलाय," सर म्हणाले.

थर्मामीटर उणे अठरा दाखवत होता. मी दुसरा थर्मामीटर लावला, त्यानंही उणे अठरा दाखवले. ट्रे या फ्रीजमधून त्या फ्रीजमध्ये नेले, दिवा होता तिथंच ठेवला. आता जो ट्रे उजेडात आला त्याचं भोक वाढायचं थांबलं. जो अंधारात गेला त्यात दुसऱ्या सकाळी खड्डा होता.

"म्हणजे उलटं," मी म्हणालो.

"उलटं काही नसतं. ऊन नाही तिथं काजळी बर्फ वितळवू शकत नाही. तुझी पट्टी बर्फात रुतत असेल."

सर चिडले होते, पण चिडून ते बाहेर गेले नाहीत. फ्रीजजवळ उभे राहिले. मी झाकण बोटभर उचललं आणि कान लावला. आत बारीक आवाज येत होता. टिक. मग थोडं थांबून टिक. दूर कुठंतरी एकेक लाही फुटावी तसा. झाकण पूर्ण उघडलं, खिडकीचा उजेड आत पडला आणि आवाज बंद झाला.

"हवेचे बुडबुडे असतात बर्फात," सर म्हणाले. "हिमनदीवरही ऐकू येतात."

"उजेड पडला की बंद होतात का तिथंही?"

सरांनी चष्मा पुसला. "तिथं मी अंधारात तंबूबाहेर गेलो नाही," ते म्हणाले.

३

घरी मी हे काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं तरी काय? फ्रीज वेडा झालाय हे सांगून कुणाला भीती वाटली असती? शिवाय घरात त्या आठवड्यात आनंद होता. ठमीच्या गालावर खळी पडली होती.

सकाळी आईचा कार्यक्रम ठरलेला असतो. तेल लावून अंघोळ, मग शेगडीत ओवा आणि शेपा टाकून धुरी. ठमीला त्या धुरावर आडवी उजवी डावी धरायची, कानटोपडं घालायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं, गालावर काजळाची तीट लावायची आणि आडव्या वाशाला बांधलेल्या जुन्या लुगड्याच्या झोळीत टाकायची. झोळीच्या दोन्ही कडा वर ओढून त्यात काठी अडकवली की आत मिट्ट काळोख होतो. पोर दोन-तीन तास हलत नाही. खिडकीलाही आईनं जाड गोधडी लावली आहे. बाळाच्या डोळ्यांना उजेड बाधतो म्हणे.

"बघा बघा, हसली की कशी पडती!" माझी बायको धनश्री ठमीला माझ्यासमोर धरून म्हणाली. "ही आमच्या जामखेडची खळी हाय. माझ्या मामाला हाय. तुमच्या घरात कुनाला हाय का सांगा."

"आमच्यात गालच न्हाईत," मी म्हणालो. "खळी कुठं पडणार?"

आईसुद्धा हसली. ठमी हसली. डाव्या गालात एक गोल, सुबक खड्डा पडला. मी त्याला बोट लावलं. गाल ऊबदार होता आणि खळी गार होती. बाहेर थंडी होती, जानेवारीचा पहिला आठवडा होता, गार तर सगळंच होतं. मी बोट काढून घेतलं आणि डबा घेऊन कॉलेजला निघालो.

पुलावर गाडी चालवताना एक गोष्ट डोक्यात येऊन गेली. ठमी हसायची थांबल्यावर मी वळलो होतो. वळताना खळी होती का? मी नीट बघितलं नव्हतं. मोजायची सवय असलेला माणूस मी, आणि घरातलं काही नीट बघत नाही, असं वाटून मला स्वतःचाच राग आला.

४

अकराव्या दिवशी अंधारातल्या ट्रेमध्ये पट्टी घातली तेव्हा ती थेट खाली पत्र्याला टेकली. दहा सेंटिमीटर. मी सरांना हाक मारली. दोघांनी मिळून बर्फाची लादी उचलली आणि पालथी केली. आरपार भोक होतं, करंगळीएवढं, गिरमिटानं पाडल्यासारखं सरळ. ट्रेच्या तळाशी धूळ असायला हवी होती. नव्हती. पाणी नव्हतं. तळ चकचकीत होता.

"विरघळली," सर म्हणाले.

"काजळी विरघळत नाही सर. तुम्हीच शिकवलंत."

सर स्टुलावर बसले. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी जोरात 'आऊट' म्हणून ओरडलं. सर त्या भोकावर वाकले.

"उन्हात ती ऊन पिते," ते शेवटी म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. "तिथं ऊन भरपूर आहे. इथं तिला आपण काहीच दिलं नाही."

"रजिस्टरमध्ये काय लिहू?"

"तारीख लिही. पुढं काही लिहू नकोस."

मी तारीख लिहिली. मग बाटल्या मोजायला घेतल्या, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. बारा होत्या. आठव्या बाटलीच्या तोंडाशी, जिथून मी धूळ पुसून घेतली होती तिथं, बोटाचा माग अजून दिसत होता. माझं बोट. मी ते कागदावर पुसलं होतं. कागदाची पुडी केली होती.

मी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आई, ती पुडी आणलेली मी. तिचं काजळ संपलं का?"

"कुठलं संपतंय. रोज लावती की. धुरी झाली की तीट लावायची."

"कुठं लावतीस?"

"गालाव. डाव्या. रोज त्याच जागी, न्हाईतर पोर ठिपक्या-ठिपक्याचं दिसतं."

"आणि ती पुसतीस कधी?"

आई हसली. "पुसाया लागतच न्हाई रं. झोळीतनं काढली की गाल सोच्छ असतो. कातडीनं पिऊन घेतल्यागत. लई गुनाचं काजळ हाय तुझं."

"आता कुठं आहे ठमी?"

"झोळीत. निजलीया कवाची. का रं? गोरख?"

मी फोन बंद केला नाही. तसाच खिशात टाकला आणि गाडीकडे पळालो. पुलापर्यंत खिशातून आईच्या हाका ऐकू येत होत्या.

५

दुपारचे बारा वाजले होते. अंगणात इतकं ऊन होतं की आत शिरल्यावर मला क्षणभर काही दिसेना. धनश्री ज्वारी निवडत बसली होती, माझं तोंड बघून ती सूप घेऊनच उठली. आई झोळीजवळ उभी होती. झोळी अगदी हळू झुलत होती.

मी काठी काढण्याआधी कान लावला. काठी आधी काढायला हवी होती. लुगड्याच्या आतून ठमीचा श्वास येत होता, शांत, सारखा. आणि दोन श्वासांच्या मधे टिक. थोडं थांबून टिक.

मी झोळी उघडली. ठमी गाढ झोपली होती. तोंड मिटलेलं, चेहऱ्यावर हसू नव्हतं, आणि डाव्या गालात खळी होती.

"झोपेतबी हाय बघा," धनश्री हळूच म्हणाली. मग तिचं तिलाच ते कसं वाटलं कोण जाणे, तिनं सूप खाली ठेवलं.

मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि वाकलो. एका क्षणापुरतं दिसलं. उजेड पडायच्या आणि पापणी लवायच्या मधे जेवढं दिसतं तेवढंच. खळीला तळ होता. तळाशी चिमूटभर काळं होतं आणि त्यावर नितळ पाणी, त्यात माझ्या टॉर्चचा ठिपका. हे सगळं मी सरांच्या फोटोत बघितलं होतं, त्यामुळे तेच दिसलं असं म्हणता येईल. मी स्वतःला तसं सांगितलंही. पण तो ठिपका फार खोल होता. एका पोरीचा गाल असतो किती? तो ठिपका त्याच्याहून खोल होता.

मग आवाज थांबला, ठमी दचकून उठली, रडायला लागली, आणि गाल पुन्हा गालासारखा झाला.

"काय झालं?" धनश्रीनं विचारलं. "सांगा ना, काय दिसलं?"

"कान लाव," मी म्हणालो आणि ठमीच्या गालावर हाताची ओंजळ करून अंधार केला. धनश्रीनं कान लावला. ती किती वेळ तशी बसली होती ते मी मोजलं नाही. शेवटी उठली. ती खिडकीशी गेली आणि गोधडी ओढून काढली. मग झोळीच्या गाठी सोडल्या. आई "अगं अगं" करत राहिली, तिच्याकडे तिनं बघितलंही नाही.

काजळाची डबी मी नदीवर नेली आणि परत घेऊन आलो. पाण्यात टाकायची हिंमत झाली नाही. ती आता गच्चीवर उन्हात उघडी ठेवली आहे, रात्री तिच्यावर दिवा असतो.

६

लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, खळी आहे, गोड आहे, एकाच गालाला असते पुष्कळांना. त्यांनीही टॉर्च लावून बघितलं होतं. टॉर्च लावल्यावर काय दिसणार? वजन नीट वाढतंय म्हणाले. ठमी दूध पिते, हसते, माझ्या मिशा ओढते. या सगळ्याचा मला इतका आनंद होतो की मधेच रडू येतं.

आमच्या घरात आता अंधार नाही. चार खोल्यांत चार दिवे कायम चालू, इन्व्हर्टर घेतला, शिवाय दोन चार्जिंगच्या बॅटऱ्या. ठमी दिवसा अंगणात उन्हात असते आणि रात्री दिव्याखाली. टोपडं नाही, दुपटं नाही. आई सुरुवातीला फुगून बसली. "पोरीला काळोख लागतो झोपाया, तुमी तिला जाळाया काढलीया," म्हणाली. एक दिवस तिनं ठमीला पदराखाली घेतलं, तो आवाज ऐकला, आणि पदर बाजूला करून स्वतःच दिवा जवळ ओढला. आता सकाळी गच्ची झाडताना ती चिमणीला शिव्या देत नाही. काजळी सुपात गोळा करते आणि कितीतरी वेळ ती हातात धरून उभी राहते. ही आता कुठं टाकायची, असं तिनं मला एकदा विचारलं. इतकी वर्षं आम्ही ती फक्त पलीकडे ढकलत आलो होतो.

मी पुडीचं आणि ठमीचं सगळं सांगितल्यावर सरांनी प्रयोग बंद केला. बाटल्या काचेच्या कपाटात दिव्याखाली ठेवल्या आहेत. ते परत वर जायचं म्हणत नाहीत. परवा त्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? बरी आहे, म्हणालो. मग ते म्हणाले, "किती झालंय?" मी म्हणालो, मी मोजत नाही सर. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी एखादी गोष्ट मोजायला नकार दिला, आणि त्यांनी आग्रह केला नाही.

उजेड आहे म्हणजे ते थांबलंय, असं मी पंधरा दिवस धरून चाललो होतो. दिव्याखालच्या ट्रेमध्ये थांबलंच होतं. पण ट्रेमध्ये धूळ उघड्यावर होती, दिवा तिच्यापर्यंत पोचत होता. गेल्या रविवारी भर दुपारी, अंगणात, डोळे दिपतील अशा उन्हात मी ठमीला मांडीवर घेऊन बसलो होतो. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी सहज तिच्या गालाला गाल लावला आणि ऐकू आलं. टिक. ऊन तिच्या कातडीवर होतं. आत कुठलं ऊन? माणसाच्या आत दिवा नसतो, हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

मी घाबरून मागे झालो. माझं तोंड बहुतेक विचित्र झालं असणार, कारण ठमी खळखळून हसली. बोळकं उघडलं, ऊन थेट आत टाळूपर्यंत पडलं, आणि ती हसत होती तेवढा वेळ आवाज नव्हता.

तेव्हापासून मी तिला हसवतो. रजा काढली आहे. मांजर होतो, घोडा होतो, डोक्यावर पातेलं घालतो, हातात बॅटरी असतेच. गल्लीतले लोक म्हणतात, गोरखला लेकीचं लई वेड लागलंय. धनश्री थकली की मी, मी थकलो की धनश्री. ठमी हसून हसून दमते, उचकी लागते, तरी आम्ही थांबत नाही. बॅटरीचा झोत तोंडात धरून आम्ही दोघं वाकून बघत असतो.

मग तिला झोप येते, आणि ती तोंड मिटते.